पाव्हण्यांची भाजी

श्रावणातल्या एका शनिवारी गगनबावड्याला जाणे झाले. बत्तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाला सुट्टी घ्यायची सवय नसते. मुलाने परस्पर दोन दिवसांची खोली ठरवली आणि वर आमिष दाखवले, "बाबा, तिथं सगळं सेंद्रिय जेवण मिळतं. शेतातून थेट स्वयंपाकघरात. तुमच्या सदराला विषय होईल." विषय झाला खरा, पण मुलाच्या मनात होता तो नव्हे.

कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. कळे, साळवण, असळज मागे पडले आणि डोंगर अंगावर आले. गगनगड धुक्यात पार बुडालेला. पाऊस कसला, आभाळच सांडत होते. राज्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत गगनबावड्याची गणना होते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

लॉजच्या भोजनगृहाच्या दारावर पाटी होती : 'आमच्या शेतातील सेंद्रिय, विषमुक्त भाजीपाला'. ताटात नाचणीची भाकरी, भारंगीची भाजी, कुळथाचे पिठले, काकडीची कोशिंबीर, तांबड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. घरी मी एक भाकरी खातो, तिथे दोन खाल्ल्या. शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या कुटुंबातली लहान मुलगी नाचणीच्या भाकरीला 'चॉकलेटची पोळी' म्हणत होती आणि मागून घेत होती. आईवडील चकित! त्यांना मी सांगितले की, शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात त्याच्या निम्मेही नसते. डॉक्टर सुट्टीवर गेला तरी जीभ सुट्टीवर जात नाही.

जेवण उरकल्यावर व्यवस्थापकांना म्हटले, शेत बघायचे आहे. ते जरा घुटमळले. मग कळले की, 'आमच्या शेतातील' या शब्दांत थोडी मोकळीक घेतलेली आहे. शेत लॉजचे नव्हे. गडाच्या उताराला एका स्थानिक शेतकऱ्याची अडीच एकर जमीन आहे, तिथला माल ठरलेल्या दराने लॉजवर येतो. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही मामाच म्हणेन.

छत्री उलटी होत होती म्हणून मामांनी मला घोंगडीची खोळ दिली. उतारावर जांभ्या दगडाचे बांध घालून पायऱ्या केलेल्या. खालच्या तुकड्यात भात, वर नाचणी, त्याच्या वर मांडवावर दोडका, पडवळ आणि काकडी. बांधाला अळू आणि हळद. एका बाजूला कौलारू छपराखाली वाफे करून त्यात माठ, चवळई आणि कोथिंबीर. उघड्यावर कोवळी पालेभाजी टिकतच नाही, पाऊस तिला जमिनीत गाडतो. आता तो आकडा आठवावा. एवढ्या पावसात जांभ्या मातीतला चुना, पालाश सगळे धुऊन जाते आणि माती आंबट होते. युरिया टाकला तर त्यातला किती पिकाला आणि किती ओढ्याला, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. तो ओढा कुंभी नदीला मिळतो आणि कुंभीचे पाणी पुढे पंचगंगेत जाते. म्हणजे गगनबावड्याच्या उतारावर जे टाकले, त्याचा काही वाटा पंचगंगेकाठच्या आपल्या गावांच्या नळाला येतो! सेंद्रिय शेती ही केवळ खाणाऱ्याच्या पोटाची गोष्ट नाही, हे मला त्या बांधावर उभे राहून नीट समजले.

मामा पालापाचोळ्याचा जाड थर घालतात, चुलीची राख टाकतात आणि गोठ्यातल्या गाईंच्या शेणमुताचे जीवामृत करतात. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, पाच-सात लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सुभाष पाळेकरांनी गावोगाव पोहोचवलेली ही कृती आता शेतकऱ्यांना पाठ आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी आपल्याच कोल्हापुरात प्रा. श्री. अ. दाभोलकर नावाचा गणिताचा माणूस सांगत होता की, सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि माती यांचा हिशेब नीट मांडला तर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागते. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने द्राक्षबागायतदारांना शहाणे केले. २००१ साली ते गेले. त्यांच्या मांडणीत कुटुंबाचे ताट आधी होते आणि बाजार नंतर, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

मामा सेंद्रियकडे वळले ते कोणाचे व्याख्यान ऐकून नव्हे. "औषध मारत हुतो बगा," ते म्हणाले. "तोंडाला नुसता टावेल. दुपारच्याला डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडातनं लाळ गळाय लागली. पोरांनी गाडीवर घालून दवाखान्यात न्हेलं. चार दिवस काय सुदच न्हवती." अकरा वर्षे झाली त्याला. आपल्याकडे विषाला औषध म्हणतात आणि आम्ही देतो तेही औषधच. या एका शब्दाने किती घोटाळे केले असतील! असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत : बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, घाम, लाळ, उलट्या, श्वासात घरघर. अशा वेळी दूध पाजत बसू नये. अंगावरचे कपडे आधी काढावेत, साबणाने अंग धुवावे (धुणाऱ्याने स्वतःचे हात जपावेत) आणि बाटली किंवा पुडा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. २०१३ च्या जुलैत बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन तेवीस मुले गेली. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. उसाला सर्रास टाकले जाणारे दाणेदार फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झाले. बंदी आली म्हणून गोठ्याच्या माळ्यावर पडलेला जुना पुडा नाहीसा होत नाही. आपल्या घरी असेल तर आजच बघावे.

इथवर सगळे गोड झाले. आता डॉक्टर म्हणून दोन गोष्टी बोलल्यावाचून राहवत नाही, मग सेंद्रियवाले रागावोत.

मामांचा मुलगा ते जीवामृत उघड्या हाताने ढवळत होता आणि त्याच्या अंगठ्याला कोयत्याची ताजी जखम होती. जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचा जंतू येतो आणि तो जखमेतून शरीरात शिरतो. घाट उतरला की सिंधुदुर्गात हा आजार दर पावसाळ्यात डोके वर काढतो. ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे. दुर्लक्ष झाले तर कावीळ आणि मूत्रपिंड. गोमूत्र पवित्र असेल, जंतूला ते ठाऊक नसते. काठीने ढवळावे, हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट घालावेत आणि चिखलात काम करणाऱ्याला ताप आला तर 'भिजल्याने आला' म्हणून घरी बसू नये.

दुसरी गोष्ट त्या कोथिंबिरीची. छपराखालच्या वाफ्यावर ते शेणपाणी आदल्या दिवशी शिंपडले होते आणि तीच कोथिंबीर संध्याकाळी कोशिंबिरीवर कच्ची पडणार होती. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे नियम असे आहेत की, कच्चे शेणखत घातल्यापासून मातीला टेकणारी भाजी १२० दिवस आणि न टेकणारी ९० दिवस तोडायची नाही. पूर्ण कुजलेल्या खताला ही अट नाही. जर्मनीत २०११ साली एका सेंद्रिय शेतातल्या मोडांमुळे ई-कोलाय जंतूची साथ आली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. संशयाची सुई शेवटी कशावर गेली? मेथीच्या दाण्यांवर! बी बाहेरदेशातून आले होते, फवारणी कसलीच नव्हती. विषमुक्त म्हणजे जंतुमुक्त नव्हे. शेण पूर्ण कुजवून घालावे, शिंपडायचे ते मुळाशी, पानावर नाही. आणि पालेभाजी वाहत्या पाण्याखाली तीन वेळा धुवावी. मामांनी हे निमूट ऐकून घेतले आणि म्हणाले, "ह्ये आमाला कुणी सांगितलंच न्हाई." खरे आहे. कृती सांगणारे पुष्कळ येतात.

परतताना चढ लागला. मामांच्या घरच्या, मामी, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पुढे चालल्या होत्या. वय चाळीस-बेचाळीस. पंधरा-वीस पावलांवर थांबायच्या, छातीला हात लावायच्या आणि पुन्हा निघायच्या. घरी पोचल्यावर मी नखे पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक! जन्मभर हेच पाहत आलो असल्याने आकडा मनातल्या मनात मांडता येतो; आठच्या पुढे नसणार.

"मामी, हा माठ, ही चवळई घरात करता ना?"

त्या हसल्या. "न्हाई वो डाक्टर. ती पाव्हण्यांची भाजी. वजनावर जातीया. घरात कशी चालंल?"

"आणि नाचणी?"

"नाचणीला आता दर हाय. पोतं भरून लाजवरच जातंय."

दुपारचे त्यांचे ताट मी पाहिले. रेशनच्या तांदळाचा भात, पातळ आमटी, सुक्या बोंबलाचा एक तुकडा आणि वर लगेच कपभर चहा. नातू चहात बिस्किट बुडवत होता. त्या घरापासून पन्नास पावलांवर माठ, चवळई, अळू, भारंगी आणि बांधाला वाऱ्यावर डोलणारा टाकळा!

इथे मामींना किंवा मामांना बोल लावण्याचा माझा हेतू नाही. धाकटीच्या कॉलेजची फी त्या भाजीतून जाते. लॉजवाल्यांनाही दोष कसा द्यावा? ते रोख पैसे देतात आणि वेळेवर देतात. मार्केट यार्डातल्या दलालापेक्षा बरा दर देतात. आणि ही गोष्ट गगनबावड्यापुरतीही नाही. आपल्या जिल्ह्यात पहाटे चारला उठून धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचे आणि पोरांना कोरा चहा, हे आपण दोन पिढ्या पाहतो आहोत. अंडी बाजाराला, तूप सावकाराला, आता भाजी पाव्हण्यांना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या फेरीपेक्षा हे प्रमाण वाढलेले आहे. पर्यटन वाढले, सेंद्रियची दुकाने वाढली आणि हेही वाढले.

मी स्वतः यात मागे नाही. बत्तीस वर्षे मी प्रत्येक फिकट बाईला 'पालेभाज्या खा' असे लिहून देत आलो. ती पिकवणारी असेल तर ती भाजी जाते कुठे, हे एकदाही विचारले नाही.

म्हणून माझे मत आता असे झाले आहे की, सेंद्रिय म्हणवणाऱ्या कोणत्याही शेताची पहिली परीक्षा प्रमाणपत्राने करू नये. त्या शेतातल्या माणसांच्या दुपारच्या ताटात काय आहे, ते विचारावे. घरचेच खात नसतील तर दोनपैकी एक गोष्ट आहे. एक तर ते विकायच्या आणि खायच्या मालात फरक करतात (आपल्या घरापुरता 'बिनफवारणीचा' वाफा राखणारे बागायतदार आपल्याला ठाऊक आहेत), किंवा मामींसारखे ते आपले पोषण किलोवर विकतात. दोन्हींत खाणाऱ्याने विचार करण्यासारखे आहे.

प्रमाणपत्राला मात्र नावे ठेवत नाही. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांना किमान दोन वर्षे आणि फळबागांना तीन वर्षे गेल्याशिवाय माल 'सेंद्रिय' म्हणता येत नाही. पाकिटबंद मालावर 'जैविक भारत' हे चिन्ह असावे असा २०१७ चा नियम आहे. लहान शेतकऱ्याला निरीक्षकाचा खर्च परवडत नसेल तर पी.जी.एस. ही सहभाग हमीची पद्धत आहे. किमान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा आणि एकमेकांची शेते तपासायची. मामांच्या वाडीत असा गट होण्यासारखा आहे.

आणि खाणाऱ्याने अवास्तव अपेक्षाही धरू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१२ साली शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वे विशेष जास्त असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र कमी आढळले. म्हणजे माझ्या दोन भाकऱ्यांचे श्रेय बरेचसे ताजेपणाला, नाचणीला आणि हंगामाला होते. ते कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजच्या घरातही मिळू शकते, लॉजचे बिल न भरता. हंगामाची भाजी हंगामात घ्या. भर पावसात फ्लॉवर, टोमॅटो मागाल तर तो सेंद्रिय मिळणे कठीण. लॉजच्या आचाऱ्याने मला विश्वासात घेऊन सांगितले की, रात्रीच्या पनीर-मटारचा आणि टोमॅटोच्या सूपचा सगळा माल कोल्हापूरच्या यार्डातून येतो, कारण पाव्हणे मागतात. पाटीवर ते कोण लिहिणार! श्रावणात बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू येतात, ते घेणाऱ्या बायकांना घासाघीस न करता पैसे द्या. अळू मात्र चिंच किंवा आमसूल घालून चांगले शिजवावे, नाहीतर घसा खाजतो. भारंगी उकडून पाणी पिळून टाकावे.

मामींना मी तीन गोष्टी सांगितल्या. जेवणानंतर तासभर चहा नको, कारण चहा अन्नातले लोह रक्तात जाऊ देत नाही. त्याऐवजी पानात लिंबाची फोड घ्यावी. अनवाणी शेतात जायचे नाही, कारण आकडेकृमी तळपायातून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासायचे. नुसत्या भाजीने आठचे बारा होत नाहीत, त्याला लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध लागते. भाजी ते बारा टिकवायला. मामांना वेगळे सांगितले : छपराखालचे दोन वाफे आणि नाचणीची दोन पायली वजनकाट्यावर चढवायची नाही.

पंधरा दिवसांनी मुलाच्या फोनवर मामींच्या तपासणीचा कागद आला. हिमोग्लोबिन ७.९. गोळ्या सुरू झाल्या आहेत, पहिल्या आठवड्यात पोट बिघडले म्हणून त्या बंद करणार होत्या, जेवणानंतर घ्यायला सांगितल्यावर सोसल्या. दोन वाफे घरात राहतात. लॉजवर आठवड्याला चार किलो भाजी कमी जाते, म्हणून व्यवस्थापकांनी मला विचारले, "डॉक्टर, आता आम्ही काय करायचं?" मी म्हटले, त्या दिवशी कुळीथ करा आणि कोथिंबीर तीनदा धुवा. दिवाळीनंतर मामींचे रक्त पुन्हा तपासायचे आहे.